तेलाची भरलेली टाकी

१

निकेश कोळीला रस्त्याकडेच्या ट्रेलरखालून बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मोटारसायकलच्या क्लचवरच होती. दांडा मोडला होता, बोटंही मोडली होती, पण पकड सुटली नव्हती. उरणहून पनवेलकडे येताना, गव्हाण फाट्याच्या अलीकडे, जानेवारीतल्या धुक्यात सकाळी हे घडलं. चार-पाच दिवसांनी त्याचा बाप काशिराम उरणजवळच्या मोऱ्याहून पनवेलला आला आणि थेट दिनानाथ ठाकूरच्या ओटीवर येऊन बसला.

दिनानाथ आरटीओतून मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला. माणूस भेटला की आधी त्याच्या गाडीचे टायर बघायचे आणि मग चेहरा, ही खोड काही त्याची गेली नव्हती. त्यामुळे पनवेलात त्याला चहाला बोलावणारे थोडे आणि बघून रस्ता बदलणारे फार. काशिराम मात्र उरणच्या शाळेत त्याच्याच बाकावर बसलेला. त्याच्यासमोर दिनानाथला नुसतं बसून राहणंही जड गेलं.

काशिराम रडला नाही. कोणीतरी पढवून पाठवल्यासारखं तो सगळं सरळ सांगत गेला. ती राजदूत तीनशेपन्नास त्याचीच. तरणा असताना होडीच्या पहिल्या कमाईतून घेतलेली. बायकोला, जनीला, लग्नानंतर जत्रेला नेलं ते याच गाडीवरून. सुटे भाग मिळेनासे झाले तशी ती ताडपत्रीखाली गेली. निकेशनं ती बाहेर काढली आणि पनवेलच्या ताहेर मुकादमकडे दिली. ताहेर जुन्या वेगवान गाड्यांची इंजिनं नव्यानं बांधायचा, आणि गिऱ्हाइकानं सांगितलं तर बांधताना त्यांचा वेगही वाढवून द्यायचा. पार नाशिकहून लोक गाड्या घेऊन त्याच्याकडे येत. काशिरामनं मुलाला एकच अट घातली होती, की गाडी चालू कर, पण होती तशी ठेव. मुलगा हो म्हणाला. पण गाडी परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता, आणि बापानं मुलाशी बोलणं टाकलं.

"ताहेर आत हाय," काशिराम म्हणाला. "पन त्याचा वकील म्हनतो, अपघात झाला. तू नुसती गाडी बघ, दिना, आन लिवून दे. त्यो सुटता कामा नये."

दिसेल तेच लिहीन, असं दिनानाथ म्हणाला.

"मंग बघ. दुसरं काय दिसनार हाय?"

पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात गाडी आडवी टाकलेली होती. पुढचं चाक चेपून आठाच्या आकड्यासारखं झालं होतं, पण इंजिन शाबूत होतं. उपनिरीक्षक मनिषा भगत बाजूला उभी राहून आपला हिशेब सांगत होती, आणि तो काही वेडगळ नव्हता. निकेशचा मित्र कल्पेश यानं जबाब दिला होता, की ताहेरच्या गॅरेजमध्ये दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. ताहेर ओरडला होता, 'ही गाडी एक दिवस तुझा जीव घेईल, तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस.' पुढं धावत्या गाडीचं इंजिन जाम झालं. तेल कमी पडून झालं म्हणावं, तर बाजूच्या पत्र्यामागची तेलाची टाकी काठोकाठ भरलेली. मग उरतो तो गाडी बांधणारा. शिवाय त्यानं क्लचला कडक स्प्रिंगा घातल्या होत्या. त्यामुळे ऐन वेळी क्लच सुटला नसेल, असा तिचा कयास होता.

दिनानाथनं आधी क्लच बघितला. दांडा तुटला होता म्हणून त्यानं केबल पक्कडीत धरून ओढली, आणि गिअरमध्ये असलेली गाडी मागं-पुढं हलवायला हवालदाराला सांगितलं. मागचं चाक मोकळं फिरलं. केबल सोडली, चाक घट्ट. रस्त्यावरच्या पंचनाम्यातही तेच लिहिलेलं होतं. मागच्या टायरची काळी रेघ जेमतेम दोन माणसांच्या लांबीची, आणि मग नाहीशी. म्हणजे इंजिन जाम होऊन चाक अडकलं, निकेशनं त्याच क्षणी क्लच दाबला आणि चाक सोडवलं. ही जुनी टू-स्ट्रोक चालवणारा माणूस दोन बोटं कायम क्लचवर ठेवतो, ती ह्याच क्षणासाठी. पोरानं काहीही चुकवलं नव्हतं. लटपटणारी गाडी सावरेपर्यंत धुक्यातून बिनदिव्याचा ट्रेलर समोर आला, एवढंच.

मग त्यानं प्लग काढून सिलिंडरमध्ये बॅटरीचा उजेड टाकला. आत उभे ओरखडे होते, पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला फासलं गेलं होतं, आणि सगळं कोरडं ठक्क. तेलाची टाकी भरलेली आणि इंजिन तेलावाचून मेलेलं, हे काही त्याच्या गळी उतरेना. टाकीतून इंजिनाकडे तेल नेणारा छोटा पंप उजव्या अंगाला एका झाकणाखाली असतो. त्यानं ते झाकण उघडलं.

आत पंप नव्हताच. पंपाच्या जागी एक कापलेली पट्टी बसवून भोक कायमचं बंद केलेलं होतं.

२

ताहेर मुकादम पन्नाशीचा, रुंद हातांचा माणूस. कोठडीतही नखांतला काळा रंग तसाच होता. दिनानाथनं पंपाचं काय, असं विचारताच तो म्हणाला की पंप होता तिथंच आहे, मी त्याला हात लावलेला नाही.

दिनानाथनं नुसतं सांगितलं, की झाकण उघडून बघून आलोय.

ताहेरचा चेहरा पडला. आपल्या अंगावर येणारी प्रत्येक गोष्ट नाकारायची, एवढंच त्याला गेल्या चार दिवसांत सुचलं होतं, आणि त्या खोटेपणानंच तो जास्त खोलात चालला होता. मग तो बोलला. इंजिन वेगासाठी बांधलं की मूळ पंपावर भरवसा ठेवता येत नाही, वरच्या वेगात तो तेल कमी पाडतो की काय ही धास्ती कायम राहते. म्हणून त्याच्यासारखे सगळेच पंप काढून टाकतात आणि मालकाला सांगतात, की यापुढं तेल पेट्रोलमध्येच मिसळून भरायचं. वेगळी टाकी नको, पंप नको, भानगड नको.

"मग भांडण कशावरून झालं?"

"त्या टाकीवरूनच, साहेब. मी म्हणत होतो, पंप काढला तर तेलाची टाकीपण काढून फेक. रिकामी टाकी ठेवायची नसते. उद्या कोणी दुसरा बसला गाडीवर, त्याला काय माहीत? निकेश ऐकेना. म्हणाला, वरून गाडी होती तशीच दिसायला पाहिजे. मी चिडलो आणि जे बोलू नये ते बोललो. अल्लाकसम, जीव जळत होता म्हणून बोललो."

पोलिसांना हे का नाही सांगितलं, असं दिनानाथनं विचारलं. ताहेरनं मान खाली घातली. पंप काढल्याचं बाहेर कोणाला कळता कामा नये, असं निकेशनं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. आणि खरं सांगायचं तर, तो म्हणाला, पंप मी काढला हे ऐकल्यावर पुढचं कोणी ऐकलं असतं का?

दिनानाथ उठला. जाता जाता त्यानं विचारलं, की टाकीतलं तेल तरी कशाला तसंच ठेवलंस.

ताहेर गजांपाशी आला. "कुठलं तेल? ती टाकी मी धुऊन, पुसून, कोरडी करून दिली होती."

३

विचुंब्याच्या नव्या इमारतींपैकी एकीत, तिसऱ्या मजल्यावर निकेशचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको समृद्धी आल्यागेल्याला पाणी देत होती आणि कोणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हती. कल्पेशही तिथंच बसलेला होता. निकेश आणि तो द्रोणागिरीच्या एका गोदामात बरोबर कामाला. त्याच्याकडेही तसलीच जुनी टू-स्ट्रोक, आणि ही राजदूत विकणार असशील तर मला दे, असं तो निकेशला कित्येकदा म्हणाला होता. दिनानाथला त्याचा संशय आधीच आलेला होता. गाडी हवी असलेला मित्र, जबाबही त्याचाच, आणि अपघाताच्या वेळी मागंही तोच.

त्यानं कल्पेशला गच्चीवर नेलं आणि त्या दिवशीचं विचारलं. कल्पेशनं न अडखळता सांगितलं. आदल्या दिवशी दोघांनी मिळून निकेशच्या गाडीत पेट्रोल भरलं. तेल मापून कॅनमध्ये घातलं, कॅन खळखळून हलवला, मग टाकीत ओतलं. त्यानंतर निकेश इकडंतिकडं फिरून संध्याकाळी मोऱ्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पेशला पनवेलला यायचं होतं, म्हणून उरणच्या नाक्यावर भेटून दोघं बरोबर निघाले.

"मोऱ्याला पोचल्यावर टाकीत पेट्रोल किती उरलं असेल?"

"अर्धं. कमीच असेल, जास्त नाही."

आणि ठाण्याच्या अंगणात, आडव्या पडलेल्या त्या गाडीच्या टाकीच्या झाकणातून अजून पेट्रोल पाझरत होतं. दिनानाथनं ते पाहिलं होतं, नाकानं हुंगलं होतं, आणि त्याचा अर्थ त्याला आत्ता कळत होता. वाटेत कुठं पेट्रोल भरलं का, असं त्यानं विचारलं. कुठंच थांबलो नाही, कल्पेश म्हणाला. मग जरा घुटमळून त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. निकेशच्या मागं गाडी ठेवली की शर्टाला जळक्या तेलाचा वास लागायचा. त्या दिवशी धूर फार कमी होता.

"मला वाटलं, ताहेरभाईनं कार्ब्युरेटर छान लावलाय. मी त्याला हात करून सांगितलंसुद्धा, की मस्त पळतेय. मग त्यानं मूठ आणखी पिळली." कल्पेश गच्चीच्या कठड्याला टेकला. "काका, मी सांगितलं नसतं तर त्यानं पिळली नसती."

दिनानाथला त्याची कीव आली, आणि त्याच्यावरचा संशयही तिथंच विरला. पण संशय विरण्याचं कारण निव्वळ कीव नव्हती. ज्यानं निकेशच्या पेट्रोलच्या टाकीत तेल नसलेलं पेट्रोल ओतलं, त्यानंच बाजूच्या टाकीत तेलही भरलं होतं. कल्पेश स्वतः कॅन हलवून तेल मिसळणारा. त्या बाजूच्या टाकीतून आता कुठंच वाट जात नाही हे त्याला पक्कं ठाऊक; निकेशच्या शब्दाखातर तो पोलिसांजवळ ते बोलला नव्हता एवढंच. ताहेरनं तर ती वाट स्वतःच्या हातानं बुजवलेली. गाडीचा घात करायचा असता तर दोघांनीही नुसतं पेट्रोल ओतलं असतं. चांगलं तेल, वायाच जाणारं, काठोकाठ कशाला भरतील?

खाली येऊन त्यानं समृद्धीला विचारलं, की गाडीत तेल कुठून घालतात हे तिला माहीत आहे का. तिला गाडीची चावी कुठं लागते एवढंच माहीत होतं. निकेश मोऱ्याला कशासाठी गेला होता, याचं उत्तर मात्र तिच्याकडे होतं.

"बाबा बोलत नव्हते ना त्यांच्याशी. गाडी होती तशीच आहे, हे दाखवायला गेले होते. रात्री फोन केला मला. म्हणाले, बाजूचा पत्रा उघडून सगळं दाखवलं, बाबा बोलले नाहीत, पण वाकून बघत होते." तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "हे फार खूश होते हो."

दिनानाथनं पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला.

४

तो घरी गेला नाही. पोलीस ठाण्यात जाऊन त्यानं निकेशच्या गाडीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढलं आणि बोटांवर चोळून पाहिलं. तेल मिसळलेलं पेट्रोल उडून गेल्यावर बोटं तुपट राहतात. हे उडून गेलं आणि मागं जेमतेम ओशटपणा राहिला. आधीचं अर्धं मिसळलेलं, त्यावर अर्धं निव्वळ. गावातून हळू येताना एवढ्यावर भागलं. मोकळ्या रस्त्यावर पिळल्याबरोबर इंजिन कोरडं पडलं.

मनिषा भगतनं सगळं ऐकून घेतलं. ती समजूतदार बाई होती, पण पोलीस होती. ती म्हणाली, की मग टाकी भरणारा कोण ते सांगा. ते कळलं नाही तर मी असंच धरणार, की ताहेरनं किंवा कल्पेशनं मुद्दाम फसवायला तेल भरलं. पंपाबद्दल ताहेर एकदा खोटं बोललाच आहे, आणि उद्या कोर्टात तेवढं पुरेसं होईल.

दिनानाथ मनात जुळवत होता. ही गाडी कोरी असताना ज्यानं पाहिली आणि चालवली, तेलाची टाकी कुठल्या पत्र्यामागं असते आणि तिच्यात कसलं तेल घालतात हे न विचारता ज्याला माहीत, आणि पंप काढलाय हे मात्र ज्याला माहीत नाही, असा एकच माणूस होता. आपला अंदाज चुकावा असं आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मनापासून वाटलं. दुपारी तो मोऱ्याच्या बसमध्ये बसला.

५

निकेशचं कार्य अजून व्हायचं होतं. घरात चूल धड पेटत नव्हती, शेजारणीनं आणलेला भात झाकून ठेवलेला होता. जनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. काशिरामनं दिनानाथला पुढच्या खोलीत बसवलं आणि लिवलंस का, एवढंच विचारलं.

"आधी एक सांग. त्या सकाळी गाडीला कोणी हात लावला?"

"मी," काशिराम लगेच म्हणाला. हे कोणी विचारायची तो वाटच बघत असावा. "आन ह्ये पन लिव, म्हंजी त्याच्या वकिलाला तेलाचं निमित नको. रातच्याला पोरगा बोलला, बाबा, उघडून बघा, सगलं जागेवर हाय. मी बोललो नाय, पन बघितलं. टाकी हुती जागेवर. तवा मला पटलं, पोरानं माजा शबूद मोडला नाय. पन टाकी पार सुकी ठक. म्हटलं, तेलाबिगर चालवतो काय हा? इंजिन जाम हुईल, मरंल रस्त्यात. सकाली लवकर उठून तेल आनलं, काठोकाठ भरलं. पेट्रोल पन अर्धंच हुतं, त्ये बी भरलं."

"त्याला सांगितलंस?"

"नाय. इतकं दीस बोललो नवतो, येकदम काय बोलायचं? मी गेलो धक्क्यावर. म्हटलं, कवातरी पत्रा उघडंल, तेल बघंल, आन समजंल त्याला." त्यानं दिनानाथकडे पाहिलं. "म्हनून सांगतो, तेल माज्या हातानं भरलेलं हाय. मंग इंजिन जाम केलं कुनी? ताहेरनंच."

दिनानाथनं कितीतरी माणसांना त्यांच्या गाडीत काय चुकलं ते तोंडावर सांगितलं होतं. आता खोटं लिहावं, कागद फाडून टाकावा, परत पनवेलला जावं, असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. पण कोठडीत एक माणूस बसला होता, आणि त्याचा गुन्हा एवढाच होता, की ती टाकी काढून फेक म्हणून तो ओरडला होता.

"काशा, गाडीत पंप नव्हता रे. ताहेरनं काढला होता. पोरगा तेल पेट्रोलमध्ये मिसळून चालवत होता."

पुढं काही सांगावं लागलं नाही. होडीच्या लहान इंजिनासाठी काशिराम वर्षानुवर्षं पेट्रोलमध्ये तेल मिसळत आला होता. नुसतं पेट्रोल गेलं तर काय होतं हे त्याला दिनानाथइतकंच कळत होतं. त्याचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले. तो एवढंच म्हणाला.

"मंग टाकी कशाला ठेवलीवती त्यानं?"

"तुला दाखवायला."

बाहेर कोणीतरी मासळीच्या टोपल्या धूत होतं, पाणी ओतल्याचा आवाज येत होता.  मग काशिरामनं विचारलं, की आपण गप्प बसलो तर ताहेरचं काय होईल. दिनानाथनं खरं ते सांगितलं. टाकी भरणाऱ्याचं नाव नसेल, तर ते भरणं पोलीस ताहेरच्या माथी मारतील, आणि तो सुटणं कठीण. तुझं नाव न लिहिताही कागद देता येईल, हेही त्यानं सांगितलं. 

काशिराम उठला, खुंटीवरचा सदरा काढला आणि घालायला लागला. बटणं त्याला लागेनात. आवाजानं जनी उठून दारात आली.

"कुठं चाललाव?"

"पनवेलला. ताहेरला सोडवायला."

जनीनं दाराची चौकट धरली. "ज्यानं माज्या पोराला मारलं, त्याला?"

"त्यानं नाय मारलं."

"मंग कुनी?"

काशिराम अर्धवट लावलेल्या बटणांनिशी जमिनीवर बसला आणि शेजारची जागा त्यानं हातानं पुसली. "जने, तू आदी हितं बस," तो म्हणाला.

दिनानाथ बाहेर आला आणि त्यानं आपल्या मागं दार ओढून घेतलं.